साट्याच्या करंजीची पारी: भिजवण्यापासून तळण्यापर्यंत

करंजीचं सारण सहसा बिघडत नाही, बिघडते ती पारी, म्हणजे बाहेरचं पिठाचं आवरण. कडक होते, तेलात विरते, तोंड उघडून सारण कढईभर करते, नाहीतर डब्यात दोन दिवसांत मऊ पडते. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: तूप चुकीच्या जागी गेलेलं असतं.

साट्याच्या करंजीत तूप दोन ठिकाणी जातं आणि दोन्हीकडे त्याचं काम वेगळं असतं. पहिलं मोहनाचं, म्हणजे कोरड्या पिठात चोळायचं कडकडीत तूप. ते पिठाच्या कणाकणाला लागलं पाहिजे, पिठात दिसता कामा नये. त्याने पारी खुसखुशीत होते. दुसरं साट्याचं, म्हणजे कॉर्नफ्लोअर किंवा पिठी घालून फेसलेलं थिजलेलं तूप. ते पिठात मुरता कामा नये, दोन पोळ्यांच्या मध्ये वेगळा थर म्हणून टिकलं पाहिजे. त्याने पदर सुटतात. मोहन थंड आणि कमी चोळलेलं असेल तर पहिलं काम फसतं, साटा पातळ होऊन पिठात जिरला तर दुसरं. पुढची प्रत्येक पायरी या दोन तुपांना आपापल्या जागी ठेवण्यासाठी आहे.

इथे दिलेलं प्रमाण सुमारे २६ करंज्यांचं आहे. वजनं दिली आहेत, कारण प्रत्येक घरातली वाटी निराळी असते आणि रवा व मैदा एकाच वाटीने मोजले तरी वजनाला सारखे भरत नाहीत. रवा जड असतो.

पारीसाठी
बारीक रवा १५० ग्रॅम
मैदा १५० ग्रॅम
मीठ पाव चहाचा चमचा
मोहनासाठी साजूक तूप ३० ग्रॅम (सपाट २ मोठे चमचे)
निम्मं दूध आणि निम्मं पाणी मिळून १४० मिली, शिवाय हाताशी थोडं जास्तीचं

साट्यासाठी
थिजलेलं साजूक तूप ६० ग्रॅम
कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाची बारीक पिठी ४० ग्रॅम

सामानाबद्दल थोडं

रवा बारीकच हवा. दुकानात तो कधी चिरोटी रवा म्हणूनही मिळतो. घरात उपम्याचा जाड रवाच असेल तर मिक्सरमधून अर्धा मिनिट फिरवून चाळून घ्या. तसाच वापरला तर पारी पातळ लाटताना कडा फाटतात. रव्याने पारी तळल्यावर कुरकुरीत राहते आणि तो कुरकुरीतपणा डब्यात जास्त दिवस टिकतो. नुसत्या मैद्याची पारी लाटायला सोपी, पण दुसऱ्या दिवशी दाताखाली चामट लागते. पूर्वी कित्येक घरांत सगळी पारी रव्याचीच करत आणि भिजवलेला गोळा पाटा-वरवंट्यावर कुटत. तशी आजही करता येते, फक्त कुटायची तयारी पाहिजे. निम्मा मैदा घातला की कुटण्याचं काम बरंच हलकं होतं.

दुधाने पारीला चव येते, पण तिचा रंगही लवकर चढतो, कारण दुधातली साखर आणि प्रथिनं तेलात पटकन तांबूस होतात. नुसत्या दुधात भिजवलेली पारी आत तळली जाण्याआधीच बाहेरून लालसर दिसायला लागते. म्हणून निम्मं पाणी. करंज्या परगावी पाठवायच्या असतील, पंधरा दिवस टिकवायच्या असतील, तर दूध पूर्ण वगळून पाण्यातच भिजवलं तरी चालेल.

साट्याला लोणी नको. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं. ओव्हनमधल्या पफ पेस्ट्रीत त्या पाण्याची वाफ होऊन पदर उचलले जातात, तिथे ते हवंच असतं. कढईत मात्र तेच पाणी तडतडतं आणि पारीला फोड आणतं. तुपात पाणी जवळपास नसतंच. आपल्या पदरांना लागणारी वाफ पारीत भिजवलेल्या दूध-पाण्यातून येते, तूप आणि पिठी फक्त दोन पदर एकमेकांना चिकटू देत नाहीत.

वनस्पती तुपाचा साटा उन्हाळ्यातही घट्ट राहतो, म्हणून हलवायांना तो सोयीचा. पण त्याचा साका टाळूला जाणवतो आणि साजूक तुपाचा वास काही येत नाही. घरी करताना साजूक तूप आणि फ्रीज ही जोडी पुरते.

कॉर्नफ्लोअर की तांदळाची पिठी, यावर घराघरांत मतं आहेत. पिठीने पदर जरा जास्त कुरकुरीत होतात, पण ती अगदी वस्त्रगाळ हवी. रवाळ राहिली तर साटा पसरताना पोळी ओरखडते. कॉर्नफ्लोअरने पदर जास्त पांढरे आणि नाजूक सुटतात. पहिल्यांदा करत असाल तर कॉर्नफ्लोअर घ्या.

मोहन

परातीत रवा, मैदा आणि मीठ कोरडंच एकत्र करा. तूप छोट्या कढल्यात चांगलं कडकडीत तापवा. मैद्याची चिमूट टाकली की लगेच फसफसली पाहिजे. ते पिठावर सगळीकडे फिरवून ओता, आधी चमच्याने हलवा आणि हात लावण्याइतकं निवलं की दोन्ही तळव्यांमध्ये पीठ चोळा. इथे घाई करू नका, पूर्ण ३-४ मिनिटं चोळा. तुपाचा लेप बसलेल्या कणांना पाणी कमी लागतं, त्यामुळे मैद्यातलं चिवट जाळं आवळून तयार होत नाही. खुसखुशीतपणा येतो तो यातूनच.

पीठ मुठीत दाबून मुटका वळून पाहा. मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोकरल्यावर मोडलाही पाहिजे. या प्रमाणात तो जेमतेम वळेल, तेवढं बरोबर आहे. साध्या, बिनसाट्याच्या करंजीला याच पिठाला ४५ ग्रॅम मोहन लागतं. साट्याच्या पारीत पुढे आणखी ६० ग्रॅम तूप जाणार आहे, म्हणून इथे हात आखडता. साध्या करंजीएवढं मोहन घालून वर साटाही लावला तर करंजी तेलात टाकल्यावर पदर सुटतात, आणि सुटतच जातात. पाच मिनिटांत कढईत चुरा.

भिजवणं आणि कुटणं

दूध-पाणी कोमट करून थोडं थोडं घाला आणि घट्ट गोळा मळा. पुरीच्या पिठापेक्षा घट्ट. सुरुवातीला तो भेगाळलेला आणि कोरडा वाटतो, म्हणून आणखी पाणी घालायचा मोह होतो. घालू नका. रव्याला पाणी प्यायला वेळ लागतो आणि आता मऊ वाटणारा गोळा तासाभराने बरोबर वाटत नाही, तो रबरासारखा ताणला जातो. पिळून काढलेल्या ओल्या फडक्याने झाकून गोळा १ तास ठेवा.

तासाभराने गोळा चिमटून पाहा. रव्याचे कण बोटाला टोचत असतील तर दुधाचा हात लावून आणखी अर्धा तास ठेवा. मग कुटा. खलबत्त्यात गोळ्याचे चार भाग करून एकेक २-३ मिनिटं कुटला की पीठ पांढरट, गुळगुळीत आणि लवचिक होतं. खलबत्ता नसेल तर फूड प्रोसेसरमध्ये पात्याने तुकडे तुकडे करून थांबत थांबत फिरवा; एका दमात फिरवलं तर पीठ गरम होऊन मोहन बाहेर सुटतं आणि गोळा तेलकट दिसतो. असं झालं तर २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा हाताने मळा. काहीच साधन नसेल तर ओट्यावर लाटण्याच्या टोकाने ठोकत, दुमडत ८-१० मिनिटं काढा. दंड भरून येतात, पण काम होतं.

तयार पिठाचे ६ सारखे उंडे करा, प्रत्येकी साधारण ७८ ग्रॅम. ओल्या फडक्याखाली ठेवा. फडका नुसता दमट हवा. पाणी गळत असेल तर उंड्यांचा वरचा भाग चिकट होतो आणि तेवढ्या जागी पदर एकमेकांत मिसळतात.

साटा फेसणं

थंड, पसरट थाळीत थिजलेलं तूप घ्या आणि तळहाताने गोल गोल फेसा. तूप पांढरं आणि हलकं व्हायला ५-६ मिनिटं लागतात. मग कॉर्नफ्लोअर तीन वेळा विभागून घाला आणि आणखी ३-४ मिनिटं फेसा. बोटाने ओढलेली रेघ मिटू नये इतका साटा घट्ट हवा.

साटा झाला की नाही हे बघायला वाटीभर पाण्यात त्याचा थेंब टाकायची पद्धत जुनी आहे आणि ती खरी आहे. नुसतं तूप पाण्यावर तरंगतं, त्यात नवल नाही. पण या प्रमाणात पिठी मिसळली की मिश्रण पाण्यापेक्षा किंचित जड होतं आणि बुडतं. फेसून त्यात हवा शिरली तरच ते पुन्हा तरंगतं. थेंब तळाशी गेला तर आणखी फेसा. आणि पाण्यात टाकताच फिस्कटून पसरला तर तूप पातळ झालंय: थाळी १० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि मग पुन्हा हात लावा.

दिवाळीच्या आधी मुंबईत किंवा कोकणात ऑक्टोबरचा उष्मा असतो. स्वयंपाकघर तिशीच्या वर गेलं की साजूक तूप सैल पडायला लागतं आणि साटा पसरताना पोळीत जिरतो. लाटणं सकाळी लवकर किंवा रात्री करा. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर पीठ सुकतं. मग गॅस पेटवून तळण्याचं काम त्याच खोलीत, त्याच वेळी तरी करू नका. कॉर्नफ्लोअर ५-१० ग्रॅम वाढवलं तर साटा थोडा तग धरतो, त्याहून जास्त वाढवलं तर पदर कोरडे होतात आणि लाटताना गुंडाळीतून पिठूळ होऊन झडतात.

पोळ्या, थर, गुंडाळी

एकेक उंडा २४ सेंमी व्यासाचा लाटा. जाडी दीड मिमीच्या आसपास येते. पिठी लावून लाटू नका. मोहनाचं घट्ट पीठ पोळपाटाला सहसा चिकटत नाही. चिकटलंच तर पोळपाटाला तुपाचं बोट फिरवा. कोरडी पिठी दोन पदरांत अडकते, तळताना सुटून तेलात जाते, तळाशी करपते आणि पुढच्या घाण्यांवर काळे ठिपके बसवते.

पहिली पोळी पोळपाटावर, तिच्यावर साट्याचा सहावा भाग, म्हणजे जेमतेम मोठा चमचाभर. बोटांनी पातळ, सगळीकडे सारखा पसरा. त्यावर दुसरी पोळी, पुन्हा साटा, तिसरी पोळी, पुन्हा साटा. तिसऱ्या पोळीवर मात्र तुमच्यापासून दूर असलेली १ सेंमी कड कोरडी सोडा. हे विसरायचं नाही. गुंडाळत गेल्यावर ही कड सगळ्यात बाहेर येते आणि पुरी लाटल्यावर तीच पुरीची कडा होते. तिला तूप लागलेलं असेल तर करंजीचं तोंड कितीही दाबलं तरी चिकटत नाही. कढईत उघडणाऱ्या करंज्यांतल्या निम्म्यांचा दोष इथे असतो आणि आपण मात्र सारणाला नावं ठेवतो.

जवळच्या कडेपासून घट्ट गुंडाळायला सुरुवात करा. आत हवा राहता कामा नये. पहिला वेढा सैल पडला तर लाटीच्या मध्यभागी भोक पडतं आणि तळताना तिथून सारण सांडतं. कोरड्या कडेला दुधाचं बोट लावून गुंडाळी चिकटवा. हलक्या हाताने मागेपुढे फिरवून ती सारख्या जाडीची, सुमारे २६ सेंमी लांब करा. उरलेल्या तीन पोळ्यांची दुसरी गुंडाळी अशीच. दोन्ही गुंडाळ्या झाकून २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. जास्त वेळ नको. तूप फार कडक झालं की कापताना पदर तुटतात.

धारदार सुरीने २ सेंमीचे तुकडे कापा. सुरी खाली दाबू नका, ओढत कापा. प्रत्येक गुंडाळीच्या १३ लाट्या होतात, साधारण २२ ग्रॅमची एक. कापलेल्या तोंडाकडे पाहिलंत तर मध्यापासून कडेपर्यंत १० ते ११ पदर मोजता यायला हवेत. पांढऱ्या रेषा स्पष्ट दिसत असतील तर साटा जागेवर आहे. सगळं एकजीव दिसत असेल तर तो पिठात मुरला आहे, आणि आता त्यावर उपाय नाही. त्या पिठाच्या साध्या करंज्या करा, खुसखुशीत होतील.

रंगीत पदर हवे असतील तर तीनपैकी एका पोळीचं पीठ भिजवताना केशराचं दूध किंवा बिटाचा रस वापरा. बिटाचा गुलाबी रंग तळल्यावर बराच फिका पडतो, हे धरून चाला.

लाटी लाटण्याची दिशा

लाटी दोन प्रकारे लाटता येते आणि दोन्हींचा परिणाम वेगळा असतो. कापलेलं तोंड वर ठेवून दाबली तर पुरीवर चक्राकार पदर दिसतात, एकेक पदर लाटल्यावर ५ मिमीच्या आसपास रुंद होतो. तेल थेट प्रत्येक पदराच्या फटीत शिरतं आणि करंजी वरून फुललेली दिसते. दिवाळीच्या ताटात मिरवते ती हीच. लाटी आडवी ठेवून, म्हणजे कापलेली तोंडं दोन बाजूंना ठेवून लाटली तर पदर पुरीला समांतर राहतात. करंजी वरून साधी दिसते, पण फोडल्यावर आत पापुद्रे असतात. सारण सांडण्याची भीती या दुसऱ्या प्रकारात कमी. नवख्या हाताला दुसरा प्रकार सोपा जातो. चिरोटेही याच पिठाचे, याच दोन प्रकारांनी लाटतात. सीकेपी घरांतल्या खाजाच्या कानवल्यांचं तंत्रही याच कुळातलं.

तोंड वर ठेवून लाटताना आधी तळहाताने लाटी हलकी चपटी करा. मग मध्यापासून कडेकडे, एकाच दिशेने लाटणं न्या, पुरी थोडी फिरवा, पुन्हा मध्यापासून. मागेपुढे लाटणं फिरवलं की पदर एकमेकांवर सरकतात आणि चिकटतात. पुरी ११ सेंमी व्यासाची, मध्ये २ मिमी जाड, कडेला किंचित पातळ. कडा पातळ ठेवायची कारण मिटल्यावर ती दुप्पट होते आणि तिथेच कच्ची राहते. पुरीची जी बाजू जास्त देखणी आली असेल ती खाली ठेवा, म्हणजे मिटल्यावर ती बाहेर येईल.

एकावेळी ४-५ पुऱ्याच लाटा, भरा, झाका.

सारण आणि मिटणं

सारणाची कृती इथे थोडक्यातच, पारीला सोसेल असं सारण कोणतं एवढ्यापुरती. सुकं खोबरं किसून मंद आचेवर भाजलेलं १५० ग्रॅम, भाजलेली खसखस १५ ग्रॅम, तुपाशिवाय भाजलेला बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १३० ग्रॅम, वेलची-जायफळ. साखर सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिसळा. गरम खोबऱ्यात मिसळली की ती ओलसर होते, सारणाचे गोळे होतात आणि तो ओलावा आतून पारीत जातो. भाजलेला रवा उरलासुरला ओलावा धरून ठेवतो, म्हणून तो वगळू नका.

ओल्या नारळाचं सारण साट्याच्या पारीत घालता येतं, पण अगदी कोरडं आटवून, गार करून, आणि करंज्या त्याच दिवशी संपवायच्या बोलीवर. ओल्या सारणाला खरं तर जाडसर साधी पारीच शोभते.

पुरीच्या अर्ध्या भागात गच्च नाही, पण उंच असा मोठा चमचाभर सारण ठेवा, १२-१३ ग्रॅम. कडेपासून १ सेंमी जागा मोकळी. कडेला सारणाचा एक कण राहिला तरी तळताना तिथून वाट होते. कडेच्या अर्ध्या भागालाच दुधाचं बोट फिरवा, पुरी मिटा, सारणाच्या बाजूने कडेकडे दाबत आतली हवा काढा आणि मग तोंड दाबा. आत राहिलेली हवा तेलात फुगते आणि सगळ्यात कच्च्या जागी फोडून बाहेर पडते.

कातणाने कडा कापताना २-३ मिमीच कापा. कातणाऐवजी मुरड घातली तर तोंड जास्त पक्कं बसतं, पण साट्याच्या पारीला ती बारीक घालावी लागते. जाड मुरड आत कच्ची राहते. गोव्याकडच्या नेवऱ्यांना, म्हणजे तिथल्या करंज्यांना, साटा नसतो, त्या पारीला हवी तेवढी घसघशीत मुरड सोसते. साचा वापरायचा असेल तर वापरा, फक्त आतून तूप लावू नका; कडेला तूप लागलं की काय होतं ते वर आलंच आहे.

कापलेल्या कडा गोळा करून मळू नका, मळलं की पदर मेले. एकावर एक आडव्या रचून दाबा, एकदाच लाटा आणि शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापून शेवटच्या घाण्यात तळा.

भरलेल्या करंज्या दमट फडक्याखाली ताटात, एकमेकींना न चिकटवता ठेवा. सगळ्या झाल्या की तळायला घ्या. दोन माणसं असतील तर एकाने लाटावं, दुसऱ्याने भरून मिटावं. मध्ये अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जाणार असेल तर ताट फ्रीजमध्ये.

तळणं

साधारण २५ सेंमीच्या कढईत पाऊण लिटर तरी शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल घ्या. उथळ तेलात खालची बाजू कढईला टेकते आणि तिथले पदर दबतात. थर्मामीटर असेल तर १६० अंश सेल्सिअसला करंज्या सोडा आणि पुढे तेल १५० अंशांच्या आसपास राहू द्या. थर्मामीटर नसेल तर पिठाची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी टाका: ती तळाशी जाऊन ४-५ सेकंदांनी, भोवती बारीक बुडबुडे घेत, रंग न बदलता वर आली पाहिजे. टाकल्याबरोबर उसळली तर तेल फार तापलंय. तळाशीच बसून राहिली तर थांबा.

एका घाण्याला ४ किंवा ५ करंज्या. जास्त टाकल्या की तेल एकदम थंड होतं आणि साट्यातलं तूप पदर सुटण्याआधीच वितळून बाहेर येतं. करंजी झाऱ्यावर ठेवून अलगद सोडा. पहिलं दीड मिनिट उलटू नका, झाऱ्याने वरून तेल उडवत राहा. या वेळात पदर फुलतात आणि अजून इतके नाजूक असतात की झारा लागला तर तुटतात. मग उलटा आणि मंद-मध्यम आचेवर ६ ते ७ मिनिटं तळा. बुडबुडे कमी झाले की पारीतलं पाणी बहुतेक गेलं असं समजा. डब्यात टिकणारी करंजी ती हीच. रंग फिका बदामी असतानाच काढा, बाहेर काढल्यावर तो एक छटा चढतो.

काढताना करंजी झाऱ्यावर कढईच्या कडेला उभी टेकवून तेल निथळू द्या आणि मग जाळीवर किंवा चाळणीत उभी ठेवा. आडवी ठेवली तर तेल खालच्या पदरांत साचतं. वर्तमानपत्राचा कागद वापरू नका, छपाईची शाई तेलात उतरते. खाद्यपदार्थ त्यात गुंडाळू नयेत असं एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचंही सांगणं आहे.

दर दोन घाण्यांनी तळाशी बसलेली पिठी आणि सांडलेलं सारण बारीक जाळीच्या झाऱ्याने काढा. साखर करपली की तेलालाच कडवट वास लागतो आणि तो सगळ्या करंज्यांना येतो. एखादी करंजी फुटली तर तिला वाचवायच्या नादी न लागता लगेच बाहेर काढा.

काय बिघडलं, कशामुळे

पदर सुटलेच नाहीत आणि लाटीवर पांढऱ्या रेषा मात्र स्पष्ट होत्या, तर दोष लाटण्यात किंवा तेलात. जोर देऊन लाटलं की पदर दाबले जातात. तेल १८० अंशांच्या घरात असेल तर वरचा पापुद्रा क्षणात कडक होतो आणि आतले पदर त्याच्याखाली अडकतात.

पदर सुटून तेलात विखुरले, तेलावर फेस आला: मोहन जास्त, साटा पातळ किंवा तेल थंड. पहिल्या घाण्यातच असं झालं तर उरलेल्या करंज्या १५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि पुढचा घाणा १६५ अंशांवर सोडा. मोहनच जास्त असेल तर यानेही पूर्ण सुधारणार नाही. मग तळण्याऐवजी ओव्हनमध्ये १८० अंशांवर २० मिनिटं भाजा. पदर सुटतील, फुलणार कमी.

पारीवर बारीक फोड आले: पीठ सैल भिजलं किंवा फडक्याचं पाणी पारीला लागलं. चवीला फरक पडत नाही, दिसण्यालाच पडतो.

कडक, दाताला लागणारी पारी: मोहन थंड घातलं किंवा नीट चोळलं नाही, नाहीतर रवा भिजायला वेळ मिळाला नाही. मऊ भिजवून मग मैदा घालून घट्ट केलेलं पीठ हेही एक कारण असतं. वरून घातलेल्या त्या मैद्याला मोहनाचा लेप नसतो.

तेलकट करंजी: तेल थंड होतं, किंवा ती आडवी निथळली.

दुसऱ्या दिवशी मऊ पडली: हे सगळ्यात जास्त वेळा होतं आणि त्याची कारणं तीन. मोठ्या आचेवर भराभर तळल्याने पारीत पाणी राहिलं, सारण ओलसर होतं, किंवा करंज्या कोमट असतानाच डबा बंद केला. पहिल्या आणि तिसऱ्या कारणाला उपाय आहे: करंज्या जाळीवर मांडून ओव्हनमध्ये १३० अंशांवर १०-१२ मिनिटं ठेवा आणि बाहेर उघड्यावर पूर्ण गार करा. गरम असताना त्या मऊच लागतील, गार झाल्यावर कुरकुरीत होतात. सारण ओलं असेल तर संध्याकाळपर्यंत पुन्हा मऊ पडतील. त्या वाटून टाका.

डब्यात भरण्याआधी २-३ तास उघड्यावर राहू द्या, पावसाळी हवा असेल तर पातळ फडक्याखाली. कोरड्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात तळाला साधा कागद घालून करंज्या उभ्या लावा, दोन थरांत पुन्हा कागद. सुक्या खोबऱ्याच्या सारणाच्या करंज्या अशा १२-१५ दिवस चांगल्या राहतात. डबा रोज उघडणार असाल तर चार दिवसांपुरत्या छोट्या डब्यात वेगळ्या काढा आणि मोठ्याला हात लावू नका.